नावावर

मावशीनं कुठल्याशा कागदावर माझं नाव लिहून ठेवलं होतं
आणि मला सांगितलं नव्हतं.
भुसावळला, रेल्वेच्या दवाखान्यात, चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या शिरा शोधण्यात गेली तिची.
स्वतःसाठी घर शोधायची वेळच आली नाही:
आधी क्वार्टर, मग भाच्याकडची खाट,
मग नॉमिनीच्या रकान्यात मी.

बारा लाख सत्तर हजार.
बँकेतल्या पोरानं आकडा दोनदा वाचला,
दुसऱ्यांदा जरा अदबीनं.

आम्ही धुळ्यात, घरकुलात. इमारत नऊ, खोली चौदा.
जिन्यात दिवा नाही. पाणी आठव्या दिवशी.
मधली भिंत अशी की निजामभाईंचा खोकला
रात्री आमच्यात येऊन बसतो,
आणि आमचं भांडण त्यांच्यात.
सोडतीच्या वेळी शपथेवर लिहून दिलं होतं:
माझ्या नावावर, नवऱ्याच्या नावावर,
कुठंही पक्कं घर नाही.
तेव्हा ते खरं होतं.
खरं असण्याचा मला कंटाळाच आला होता.

जेठ म्हणाले, सोनं ली ठेव.
नवरा म्हणाला, आते तरी निंघू आठून.
मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला.
तिकडं राहायला गेलो तर नुसतं राहणं होईल,
भाड्यानं दिलं तर पोरीच्या नर्सिंगची फी निघेल.
पान फाडलं, डब्यात ठेवलं, डाळीखाली.

पांझरेच्या पलीकडं, देवपुरात, दुसरा मजला.
एक खोली, एक हॉल, आणि एक गॅलरी
जिच्यात दोन माणसं उभी राहतात, बोलली नाहीत तर.
शेगडी नेली, दूध उतू घालवलं,
ओटा पुसला, कुलूप लावलं.
माझ्या घरात मी एवढीच राहिले:
एका दुधापुरती.

दर महिन्याच्या पाच तारखेला पूल ओलांडते.
भटू शिरसाठ, डाळमिलमध्ये वजनकाट्यावर असतात,
शर्टाला डाळीची पिवळी धूळ.
रत्नप्रभा खुर्ची पुसून देते, घरात एकच आहे.
मालकीणबाई, बसा.
मी बसते काठावर. आमच्याकडं एकही खुर्ची नाही
हे खुर्चीला कळू नये म्हणून.
नोटा मोजत नाही. गॅलरीकडं बघते.
तिथं त्यांच्या पोराची चड्डी वाळते.
विचारते, पाणी येतं ना नीट?
रोज सकाळी, ती म्हणते,
आणि मला उगाच राग येतो.

या खेपेला पैशांबरोबर एक कागद.
घरकुलाची नवी यादी निघतेय, भटू म्हणाले,
आपण भाड्यानं राहतो असा दाखला लागतो.
घरमालकाची सही.
सुखानं लिहिलं: कोकिळा दोधू बागूल.
पहिल्यांदाच मराठी शाळेतल्यासारखं वळणदार आलं नाव.
खाली रकाना होता: मालकाचा राहण्याचा पत्ता.

पेन तिथं थांबलं.
पंखा फिरत होता. रत्नप्रभा चहात साखर घालत होती,
एक चमचा, मग माझ्याकडं बघून अजून एक.
खोटं लिहिता आलं असतं.
जेठांचा पत्ता पाठ आहे मला.
इमारत नऊ, लिहिलं. खोली चौदा.

भटूंनी वाचलं. बोटानं परत वाचलं.
आता विचारतील, वाटलं.
शपथेच्या कागदाचं विचारतील, फी वाढवा म्हणतील,
नाही तर भाडं कमी करा.
कागदाची घडी घालून ते म्हणाले,
आम्ही पण तिथंच मागितलंय.
पाणी येतं ना नीट?

आठव्या दिवशी, मी म्हणाले.
चहा गोड झाला होता. सगळा प्याले.

घरी आले तेव्हा जिन्यात रोजचा अंधार.
तेरा नंबरला अजून कुलूप, सहा वर्षं झाली,
त्यांचाही कुठंतरी दुसरा मजला असेल.
पैसे डाळीखाली सरकवले.
भिंतीपलीकडं निजामभाई खोकले.
थोडं थांबून मीही खोकले,
घरी आहे
एवढं कळावं म्हणून.